विहारातले एक कपाट

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसे जमतात. १९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले, तेव्हा ते तिथे उतरले होते. एका वर्षी तिथे आम्हाला जळगावची एक भगिनी भेटली. धुणीभांडी करून ती मुलाला शिकवते. म्हणाली, "भाऊ, मना पोर्‍या इंग्रजी वाचस, पन त्याले काहीच समजत नही."

ही तिच्या एकटीची तक्रार नाही. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पण ज्याच्या घरी पुस्तक आहे, विचारायला माणूस आहे, तो पुढे जातो. आपले पोर धडा पाठ करून तिथेच अडते. मग आईबाप कर्ज काढून इंग्रजी माध्यमाची फी भरतात.

बाबासाहेबांचे घर तरी कुठे मोठे होते? परळच्या चाळीतली एक खोली! पण सुभेदार रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके त्यांच्याकडून घोटून घेतली. पुस्तकासाठी पैसे नसले की ते लेकींचे दागिने गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून आणीत. पुढे चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला केळुसकर गुरुजींनी हेरले आणि पुस्तके दिली. घरात एक बाप, बाहेर एक गुरुजी. आपल्या वस्तीतल्या मुलाला हे दोन्ही कोण देणार?

आम्हाला वाटते, विहाराने द्यावे. एक कपाट पुरे. त्यात चित्रांची सोपी इंग्रजी पुस्तके आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. रविवारी वंदना झाली की एक तास कॉलेजातल्या ताईने मोठ्याने वाचावे आणि मुलांनी अर्थ अहिराणीत किंवा मराठीत सांगावा. चुकले तर हसायचे नाही. जाताना प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यावे. नोंदवही आठवीतल्या मुलीच्या हाती द्यावी. पुस्तक फाटले तर चिकटवावे, पण कपाटाला कुलूप घालून ठेवू नये.

शहरातली वाचनालयेही आपलीच आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते, म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे. धुळ्याचे गरुड वाचनालय असो की जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय, मुलाचे बोट धरून आत जा. मुलांसाठी काय आहे ते विचारा. दबकू नका.

१४ एप्रिलची वर्गणी आपण आनंदाने देतो. यंदा तिच्यातला दहावा हिस्सा कपाटासाठी बाजूला काढा. मिरवणूक एका रात्रीत संपते, वाचलेले पुस्तक जन्मभर सोबत राहते.

जयभीम!