आवड बदलली म्हणे! पण कोणाची?

राजेहो, आपल्या अमरावती-अकोल्यात जुन्या गायकांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं आहे. "पब्लिकची आवड बदलली भाऊ, आता त्यायले कोण आयकते?" मंडळाची बैठक असो नाहीतर चहाची टपरी, हे वाक्य पडलं की विषय संपतो आणि डीजेची बुकिंग पक्की होते. मला या वाक्यावरच बोलायचं आहे. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात अल्ताफ राजापासून करू. नाव घेतलं की चाळिशीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर आपोआप हसू येतं. हा आपल्या विदर्भातला, नागपूरचा. आई राणी रूपलता आणि वडील इब्राहिम इकबाल, दोघंही कव्वाल. १९९७ च्या सुमारास व्हीनस कंपनीनं त्याची ती ‘परदेसी’वाली कॅसेट काढली. त्यानंतरची दोन-तीन वर्षं आठवा. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या कोणत्याही काळीपिवळीत बसा, तोच आवाज. स्टँडसमोरची कॅसेटची दुकानं, कटिंगची दुकानं, जिनिंगबाहेर रांगेत उभे असलेले कापसाचे ट्रक, सगळीकडे तोच. शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली, ट्रकवाल्यांची गाणी म्हणून हिणवलं. तरी सिनेमावाल्यांना त्याला बोलवावंच लागलं, त्याच वर्षीच्या ‘शपथ’मध्ये त्याचं गाणं आलं.

आणि मग काही वर्षांत हा माणूस बाजारातून दिसेनासा झाला. का, तर म्हणे आवड बदलली.

बरं, आवड बदलली असं धरून चालू. मग २०१३ मध्ये ‘घनचक्कर’ सिनेमासाठी अमित त्रिवेदीसारख्या नव्या दमाच्या संगीतकाराला त्याच्याकडूनच गाणं का गाऊन घ्यावंसं वाटलं? सोळा वर्षांनंतर पब्लिकनं तो आवाज दोन ओळींत कसा ओळखला? ज्याचा कंटाळा आला त्याची अशी आठवण कोणी ठेवत नाही.

बदलली ती गाणं विकायची पद्धत. ही गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण आपल्या गावच्या गायकांचं नशीब त्यातच अडकलेलं आहे.

कॅसेट येण्याआधी तबकड्यांचा धंदा एचएमव्हीच्या हातात होता. कोण गाणार आणि कोण नाही, हे ती एक कंपनी ठरवायची. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, गुलशनकुमारच्या टी-सीरिजनं बाजार उलटापालटा केला. कॅसेट वीस-पंचवीस रुपयांना मिळायची. काढायला खर्च कमी, त्यामुळे काही हजार खपल्या तरी कंपनीचं भागायचं. म्हणून तर लहान भागांच्या लहान आवडीलाही जागा मिळाली. खंजिरी भजनं, भीमगीतं, उरुसातल्या कव्वाल्या, लग्नातली गाणी, सगळं टेपवर आलं. गावचा गायक पहिल्यांदा गावाबाहेर ऐकू गेला.

मग आली एमपीथ्री सीडी. एका चकतीत शंभर-दीडशे गाणी, किंमत एका कॅसेटएवढी. त्यामागून मोबाइलची दुकानं आली. "कार्ड भरून देतो, कोणते गाने पायजेन?" दहा-वीस रुपयांत अख्खं मेमरी कार्ड भरून मिळायचं, आणि त्यातला एक पैसाही गाणाऱ्याला जायचा नाही. कंपन्यांनी हिशेब केला. एकट्या गायकावर पैसा लावून तो परत येत नाही. सिनेमाचं गाणं घेतलं तर त्याची जाहिरात निर्माता करतो. झालं, सगळा पैसा तिकडे वळला. मुंबईच्या इंग्रजाळलेल्या पॉपवाल्यांचंही तेच झालं. अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ १९९५ चा. बाबा सहगल, श्वेता शेट्टी, सुनीता राव ही नावं तेव्हा टीव्हीवर दिवसातून दहा वेळा दिसायची. २००० नंतर चार-पाच वर्षांत ही सगळी लाट ओसरली. अख्ख्या देशाचे कान एकाच वेळी बदलले? जरा डोकं चालवा. पैसा देणारे हात बदलले.

पण अल्ताफ राजाचं मला फार वाईट वाटत नाही. त्याचं नाव झालं, त्याला आजही कार्यक्रम मिळतात. मला वाईट वाटतं ते आपल्याकडच्या त्या माणसांचं, ज्यांची कॅसेट निघाली पण कव्हरवर फोटो आला नाही.

आपल्या वऱ्हाडात चौदा एप्रिल म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. अमरावतीचा इर्विन चौक असो की अकोल्याची अशोक वाटिका, पाय ठेवायला जागा नसते. पण जयंतीच्या आगेमागे गावोगावी जे रात्र रात्र कार्यक्रम चालायचे, ते आता किती ठिकाणी होतात? वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, पण अख्खा महाराष्ट्र पायाखाली घातलेला माणूस. आपल्या विदर्भातले नागोराव पाटणकर. मुंबईकडचे प्रल्हाद शिंदे, ज्यांचा आवाज पंढरीच्या गाडीतही आणि जयंतीच्या मंडपातही. यांच्या मागोमाग तालुक्या-तालुक्यात गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. पेटी, ढोलक, बेंजो, मागं साथीला चारजण. दोन पार्ट्यांचा सामना लागला की सवाल-जवाब पहाटेपर्यंत. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं तिला महाडचं तळं, येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षाभूमी या गाण्यांनी सांगितली. मधेच गायक थांबून गावच्या सरपंचालाही चिमटा काढायचा. तेवढ्यासाठी लोक पुढं येऊन बसायचे.

आता चौदा एप्रिलला काय वाजतं? तीच गाणी! हे लक्षात घ्या, तीच गाणी. चाळीस वर्षांपूर्वीचा मुखडा उचलायचा, त्याखाली बेस टाकायचा, अर्ध्या मिनिटानं आवाज कापायचा आणि धाडधाड सुरू. मग आवड बदलली कशी? पोरं ज्या गाण्यावर नाचतात ते गाणं जुनंच आहे. फक्त ज्यानं गायलं तो मंडपातून गेला आणि त्याची मजुरी डीजेवाल्याच्या ट्रॉलीत गेली. गणपतीत, दुर्गादेवीत, अकोल्याच्या कावड यात्रेत, लग्नात, कुठंही बघा, हीच तऱ्हा आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे नियम कडक केले. नियम चांगलाच आहे, म्हाताऱ्या माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप पाहिजे. पण आपल्याकडचा कार्यक्रम सुरू केव्हा व्हायचा? शेतातून माणूस आला, हातपाय धुतले, जेवला, मग नऊ-साडेनऊला मंडपात. दहाला रंग चढायच्या आत पोलिसांची गाडी. रात्रीची कव्वाली या नियमानं बसली. डीजेची मिरवणूक दुपारी चारला निघते, तिला दहाची अडचण कमी. त्याच नियमात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. ती कोण मोजतं? म्हणजे पेटी-ढोलकाला नियम लागला आणि काचा हलवणाऱ्या भिंतीला लागला नाही. याला लोकांची आवड म्हणायचं का?

आता तुमची उत्तरं मला माहीत आहेत.

पहिलं, "शिंदे घराणं कसं टिकलं मग?" टिकलं, आणि त्यांचं कौतुकच आहे. प्रल्हाद शिंद्यांनंतर आनंद-मिलिंद, मग आदर्श. काळाप्रमाणं त्यांनी ताल बदलला, सिनेमात गेले. पण ते मुंबईत होते. स्टुडिओ, कंपन्या, सिनेमावाले हाकेच्या अंतरावर. दर्यापूरच्या, बाळापूरच्या, पातूरच्या गायकानं ताल बदलायचा तरी कोणाच्या स्टुडिओत? एका घराण्याचं दुकान चाललं म्हणून अख्खा बाजार सुरू आहे असं होत नाही.

दुसरं, "कार्यक्रम ठेवला तर पोरं येत नाहीत." ठेवला कधी होता? शेवटचा कार्यक्रम केव्हा ठेवला, आवाजाची यंत्रणा कोणती दिली, जाहिरात किती केली? डीजेला लायटिंग, जनरेटर, वर लेझर, आणि गायकाला फाटका माईक. त्यातही अध्यक्षांचं भाषण संपता संपता साडेनऊ वाजतात.

तिसरं उत्तर जास्त खरं आहे, म्हणून ते मान्य करतो. काही जुने गायकही अडून बसले. तीच वीस गाणी, तोच विनोद, मधेच लांबलचक भाषणं. नवीन पोराला माईक देणार नाहीत. काही पार्ट्या दारूनं मोडल्या, हेही आपल्याला माहीत आहे. पण आळशी माणसं प्रत्येक धंद्यात असतात, म्हणून धंदा बुडवत नाहीत. आणि डीजेवाली पोरंही आपलीच आहेत, कर्ज काढून भिंत उभी केलेली. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण वर्गणीचा पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी आहे.

गाणं जिवंत राहायला काय लागतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. यावलीला जन्मलेले, मोझरीला गुरुकुंज उभारणारे तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यानंतर रेडिओ आला-गेला, कॅसेट आली-गेली, मोबाइल आला. खंजिरी भजन संपलं का? नाही संपलं. गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आहे, म्हणजे रोज गाणारी तोंडं आहेत. दहा वर्षांचं पोरगंही खंजिरी धरतं. तिथं कोणी विचारलं नाही की पब्लिकची आवड काय आहे. जागा दिली, वेळ दिली, माणसं येत राहिली. भीमगीताच्या गायकाला, उरुसाच्या कव्वालाला, ऑर्केस्ट्रातल्या त्या किशोरकुमार गाणाऱ्या भावाला अशी जागा आपण दिलीच नाही.

कायद्याचंही ऐका. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि गाण्याच्या व्यावसायिक वापरातून गायकालाही वाटा मिळाला पाहिजे असं ठरलं. गायकांची संस्थाही २०१३ मध्ये उभी राहिली. वाचायला छान वाटतं. पण आपल्याकडच्या कॅसेटवाल्या गायकांनी बहुतेक वेळा एकरकमी पैसे घेतले, करार नाही, पावती नाही. आणि लग्नाच्या वरातीला कायद्यानंच सूट दिलेली आहे. राहिली मंडळाची मिरवणूक, तिथं हिशेब मागायला कोण येणार?

सरकारची मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतासाठी, २०२४ पासून महिना ५००० रुपये. रक्कम वाढली हे चांगलं झालं. पण अर्जासोबत पुरावा लागतो, प्रमाणपत्रं, कात्रणं, फोटो. १९८५ साली गावच्या मंडपात रात्रभर गाणाऱ्याला कोणतं मंडळ प्रमाणपत्र देत होतं? पंचवीस रुपये, एक नारळ आणि जेवण, हीच पावती. त्याच्याकडं पुरावा म्हणून आवाज आहे, आणि तो अर्जाला जोडता येत नाही. मंडळवाल्यांनो, हे काम तुम्ही करू शकता. तुमच्या जुन्या वह्या काढा. कोणत्या साली कोण गाऊन गेलं ते लिहिलेलं असेल. अध्यक्षाच्या सहीनं, शिक्का मारून त्याला पत्र द्या. यात एक रुपया खर्च नाही.

आणि ज्यात खर्च आहे तेही सांगतो. मोठ्या मंडळाचं डीजेचं बिल लाखाच्या घरात जातं. त्यातले वीस हजार बाजूला काढा. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा ते दहा, सभागृहात किंवा मंडपात, आपल्या तालुक्यातल्या दोन पार्ट्या बोलवा. एक जुनी, एक नव्या पोरापोरींची, म्हणजे सामना लागेल. चांगली ध्वनियंत्रणा द्या, नावं बॅनरवर नेत्याच्या फोटोएवढ्या अक्षरात छापा, आणि पैसे कार्यक्रमाच्या आधी द्या. हे शेवटचं विसरू नका. "नंतर बघू दादा" म्हणून अर्ध्या पैशावर परत पाठवलेले गायक अजून हयात आहेत, त्यांना मंडळांची नावं पाठ आहेत.

यंदाच्या बैठका लवकरच सुरू होतील. कोणीतरी उठून ते वाक्य म्हणेलच. तेव्हा त्याला एवढंच विचारा, की भाऊ, आपण शेवटचा गायक कोणत्या साली बोलावला होता, आणि त्याले पुरे पैसे देल्ले होते काय?