तिचं ऐकायला तो थांबला

मैत्रिणींनो, सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाले, की मी दुसरा चहा गॅसवर ठेवते आणि तो उकळेपर्यंत शुभवर्तमानातला त्या दिवसाचा उतारा वाचते. कित्येक वर्षांची सवय आहे ही. कॅथलिक चर्चमध्ये कुठल्या दिवशी कुठला उतारा वाचायचा, हे ठरलेलं असतं. मी गेवराईत वाचते तोच उतारा त्या दिवशी वसईच्या चर्चमध्ये वाचला जातो आणि रोममध्येही!

त्यातली एक गोष्ट बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत येते. तेव्हा आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप असतं आणि माणसं उसाच्या फडात असतात. संत मार्कच्या पाचव्या अध्यायातली ही गोष्ट. एका बाईला बारा वर्षं अंगावरून जात होतं. अनेक वैद्य झाले, होता नव्हता तो पैसा गेला, पण गुण काही येईना, उलट दुखणं वाढतच गेलं. त्या काळच्या नियमाने ती विटाळशी. तिने कुणाला शिवायचं नाही, गर्दीत यायचं नाही. तरी ती मागून आली आणि येशूच्या कपड्याला तिने गुपचूप हात लावला.

ही गोष्ट मी शंभर वेळा वाचली असेल. पण ती कळली एका ऊसतोड करणाऱ्या बाईमुळे.

गुढीपाडव्याच्या सुमारास ती कारखान्यावरून परतली होती. वय पस्तिशीच्या आतलं, पण जिना चढताना कठड्याला धरून चढली. म्हणाली, "पिशवी काढलीय ताई, तीन वर्षं झाली. कंबर राहिली नाही बघा." ऑपरेशनचा खर्च उचल घेऊन केलेला, आणि ती उचल अजून फिटते आहे. मी तिला पाणी दिलं आणि तोंडातून सहज निघून गेलं, "ज्याच्या त्याच्या वाट्याला क्रूस असतो, बाई. देवावर भरवसा ठेव."

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "देवानं दिलं असतं तर सोसलं असतं ताई. पण हे तर खाडा पडू नये म्हून झालं."

मला काही बोलता आलं नाही. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा धरतात, पैसे कापतात. पाळीचे चार दिवस फडात आडोसा नाही, धड पाणी नाही. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात जावं तर गाठ होईल, कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते. मग बाई पिशवीच काढून टाकते. २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागे एक! याला का आपण भोग म्हणायचं?

त्या रात्री मी तो अध्याय पुन्हा उघडला. येशू तेव्हा याईर नावाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी निघाला होता. त्याची मुलगी मरणाच्या दारात होती. घाई होती, तरी येशू या बाईसाठी वाटेत थांबला. सोस म्हणाला नाही, नशीब म्हणाला नाही. तिला सगळं सांगू दिलं आणि चारचौघांत मुलगी म्हणून हाक मारली.

मग सोसण्याला काही अर्थच नाही का? आहे ना! माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा कुठलाच इलाज उरला नव्हता. क्रुसाखाली उभी राहिलेली मरियामाता मला तेव्हा समजली. ती काही करू शकत नव्हती, पण तिथून हललीही नाही. त्या आधारावर मी ते दिवस काढले. मात्र टाळता येणाऱ्या दुःखाला क्रूस म्हणणं म्हणजे आपली सुटका करून घेणं. १९८१ मध्ये स्वतः गोळ्या झेललेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये दुःखाच्या अर्थावर एक पत्र लिहिलं. त्याच्या शेवटाकडे त्यांनी रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट घेतली आहे. दुसऱ्याचं दुःख दिसलं की आपल्यातली माया जागी व्हावी, हाही दुःखाचा अर्थच की!

मी आता एवढंच करते. टोळ्या जाण्याआधी ओळखीच्या बायकांना सरकारी दवाखान्यात तपासायला नेते. कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणते. त्या प्रकरणानंतर आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली, हेही सांगते. आणि ती बाई? तिच्याकडे मी पुन्हा गेले. या वेळी उपदेश केला नाही, नुसती ऐकत बसले. तिची कंबर काही बरी झाली नाही. पण निघताना म्हणाली, "ताई, बरं वाटलं. येत जा."

तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेलच. तिला "सोस बाई" म्हणण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसाल ना?