पंचाहत्तर टक्क्यांचा उंबरठा

नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. शंभरी ओलांडलेल्या या विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभात पदवीच्या विद्यार्थ्यांना जी सुवर्णपदके मिळत आली, ती प्रामुख्याने परीक्षेतील गुणांसाठी. विद्यार्थ्याने स्वतः काय शोधले, काय निर्माण केले, हा प्रश्न आपल्याकडे पदवीच्या पातळीवर क्वचितच विचारला गेला. म्हणूनच राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या, पुढाकाराने २००६ साली 'आविष्कार' ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली आणि तीत पदवी विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट ठेवला गेला, ही गोष्ट स्वागतार्ह होती.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने संशोधनासह चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने तिला एक अट जोडली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवील त्यालाच चौथ्या वर्षी संशोधनाची वाट मोकळी! आमचे भांडण आहे ते या उंबरठ्याशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९०७ साली मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे अडतीस टक्केही नाहीत. त्या काळी गुण हात राखून दिले जात आणि मॅट्रिक म्हणजे काही पदवी नव्हे, हे मान्य. तरीही ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, त्याची चाहूल या गुणपत्रिकेवरून कोणाला लागली असती? दीक्षाभूमीच्या नगरीतील विद्यापीठाला तरी याचे विस्मरण होऊ नये.

भंडारा-गोंदियाकडील एखाद्या विडी कामगाराच्या मुलीची कल्पना करा. रात्री आईबरोबर विड्या वळून ती सकाळी कॉलेज गाठते. तेंदूपाने कोठून येतात, हजार विड्यांमागे हातात काय पडते, खराब म्हणून ठेकेदाराचा माणूस किती विड्या बाजूला काढतो, हा सारा हिशेब तिच्या बोटांवर असतो. अर्थशास्त्राला याहून अस्सल विषय कोणता? परंतु साठ टक्के मिळवतानाच तिची दमछाक होणार आणि संशोधनाचे दार तिला बंद राहणार.

झाडीपट्टीतील दंडार गोळा करून ती नव्याने रंगमंचावर उभी करणाऱ्या मुलाची अडचण वेगळीच. 'आविष्कार'मध्ये ललित कलांना स्थान आहे, पण संशोधनाचा विषय म्हणून. प्रत्यक्ष सादरीकरणासाठी 'इंद्रधनुष्य' हा निराळा युवक महोत्सव. ज्याचे शोधणे आणि घडवणे एकच आहे, त्याने कोणत्या रांगेत उभे राहावे? असली वाटणी कागदपत्रांच्या सोयीची असते, एवढेच.

तेव्हा अधिसभेवरील आपल्या पदवीधर साथींनी एक ठराव आणावा. पदवी विद्यार्थ्यांचे संशोधन आणि सर्जनशील काम यांसाठी विद्यापीठाने एकच पुरस्कार ठेवावा. त्याला गुणांची अट नसावी. मराठीत, झाडीबोलीत, गोंडीत लिहिलेले काम स्वीकारले जावे. आणि पुरस्कारप्राप्त काम छापून त्याची प्रत ज्या गावातून ते आले तेथील वाचनालयात पोहोचावी.