सूर तोच, लय सावकाश

गणेशचतुर्थी महिन्यावर येऊन ठेपली म्हणजे मोरिशसमधील मराठी घरांतून सायंकाळच्या तालमी सुरू होतात, आणि मग कधीकधी कपाटाच्या तळाशी पडलेली एखादी जुनी कॅसेट बाहेर निघते. तीवर आजीच्या अथवा पणजीच्या आवाजातील झाकरी असते. ढोलकी द्रुत लयीत चाललेली, शब्द तिच्यामागे धावणारे. आणि घरात क्रिओल बोलणाऱ्या नातवंडांना त्यांतले निम्मेही उमगत नाहीत. 'आजी, जरा सावकाश म्हणा' अशी विनंती करावी, तर ती ऐकावयास आजी राहिलेली नाही. कोकणातून निघालेल्या पूर्वजांनी जे शब्द समुद्रापार आणले, त्यांतील काही आता केवळ त्या फितीवरच उरलेले असतात.

फीत सावकाश फिरवावी, हा उपाय पहिल्याने सुचतो. परंतु तो फसवा आहे. स्वराची उंची ही हवेच्या कंपनांच्या संख्येवर अवलंबून असते. फितीचा वेग कमी केला की एका सेकंदात होणारी कंपनेही कमी होतात आणि सूर खाली उतरतो. वेग सुमारे पावणेसहा टक्क्यांनी घटला, तर 'काळी एक'मध्ये गायिलेले गाणे 'पांढरी एक'मध्ये ऐकू येते. वेग निम्म्यावर आणला, तर सूर पूर्ण एक सप्तक खाली जातो आणि आजीचा आवाज एखाद्या जाड्याभरड्या पुरुषाचा भासू लागतो. तेहतीस फेऱ्यांची तबकडी चुकून पंचेचाळीसवर लावणाऱ्यांनी ह्याच्या उलट गंमत पुष्कळदा अनुभविली असेल.

लय आणि सूर ह्यांची ही गाठ सोडविण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी बऱ्याच काळापूर्वी आरंभिला. पुढे होलोग्राफीसाठी 1971 साली नोबेल पारितोषिक मिळविणारे डेनिस गाबोर ह्यांनी 1946 मध्ये ह्या दिशेने विचार मांडला होता. 1954 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनी वाचणारी हेड्स एका फिरत्या नळकांड्यावर बसवून बोलण्याचे बारीक बारीक तुकडे केले. लय वाढवावयाची तर मधले काही तुकडे गाळावयाचे, कमी करावयाची तर काही तुकडे पुन्हा वाजवावयाचे. प्रत्येक तुकड्यातील कंपने मात्र जशीच्या तशी, म्हणून सूर ढळत नाही. युक्ति साधी, पण सांधे खडबडीत. आजची संगणकीय पद्धत पुष्कळ अंशी हेच करते. फरक इतकाच की, लहरींचा आकार जेथे एकमेकांशी जुळतो अशी जागा शोधून तेथेच ती सांधा जोडते. ही सुधारणा 1993 च्या सुमारास पुढे आली.

दुसरा मार्ग 1966 साली बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनागन व गोल्डन ह्यांनी दाखविला. त्यात ध्वनीचे अनेक अरुंद पट्ट्यांत पृथक्करण करून, प्रत्येक पट्टीचा जोर व तिच्या कंपनाची अवस्था मोजून, ती सारी काळाच्या नव्या अंतरावर पुन्हा मांडतात. लांब ओढलेल्या स्वरांना ही रीत फार मानवते. ढोलकीची थाप मात्र हिच्यात विरघळते. पट्ट्यांचा आपसातील मेळ सुटला की थाप रिकाम्या हौदातून आल्यासारखी घुमते. उलट तुकड्यांच्या रीतीत एकच थाप कधी दोनदा पडते. म्हणून चांगल्या आज्ञावली थापेचा क्षण मुळीच न ताणता दोन थापांमधील जागाच तेवढी ताणतात. अलीकडे तर आवाज आणि वाद्ये अलग करून, दोहोंवर वेगवेगळे संस्कार करणेही शक्य झाले आहे.

तथापि यंत्र ताणते ते सर्वच ताणते, हे विसरता येत नाही. गायिका स्वतः लय उतरविते तेव्हा तिचे स्वरांवरील आंदोलन त्याच प्रमाणात मंद होत नाही. यंत्राने लय निम्म्यावर आणली, तर आंदोलनही निम्मे मंदावते आणि गाणे पेंगुळलेले वाटते. लयीत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक बहुधा कानाला खटकत नाही. वीस टक्के उतरविल्यास चार मिनिटांचे गाणे पाच मिनिटांचे होते. शब्द टिपण्यास तेवढे पुष्कळ झाले. त्याहून खाली गेल्यास गोडी उरत नाही, अर्थ तेवढा हाती लागतो.

ऑडॅसिटी ही विनामूल्य आज्ञावली ह्या कामास पुरेशी आहे. तीत वेग, सूर व लय बदलण्याच्या तीन निरनिराळ्या आज्ञा आहेत आणि त्यांचा घोटाळा हीच नवशिक्यांची नेहमीची चूक. ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्राच्या बॅटऱ्या क्षीण असतील, तर ती फीत आज जलद व चढ्या सुरात वाजते. तेथे आधी 'वेग' सुधारावा लागतो, लय नव्हे. मुद्रण घरातील विजेवर झाले असेल तर फितीत बहुधा विजेचा मंद गुणगुणाट सापडतो. तो सेकंदास 50 कंपनांचा असावयास हवा. 53 भरला, तर फीत सहा टक्के जलद धावते आहे, हे निःशंक समजावे. आजीच्या खऱ्या पट्टीचा असा पत्ता लागणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

फीत संगणकात उतरविताना ती वेव्ह स्वरूपात उतरवावी. एमपी3 मध्ये ध्वनीचा काही भाग कायमचा गाळला जातो आणि पुनःपुन्हा तसे साठविल्यास हानी वाढत जाते. लय बदलताना प्रत्येक वेळी मूळ प्रतीपासूनच आरंभ करावा; ऐंशी टक्क्यांची प्रत घेऊन तिची नव्वद करू नये. प्रत्येक प्रतीच्या नावातच तिचे प्रमाण लिहून ठेवावे. नाहीतर पुढील पिढी ताणलेल्या प्रतीलाच आजीचे गाणे समजेल.

तालमीत मुलांनी पहिला आठवडा ऐंशीवर शब्द बसवावेत, दुसरा नव्वदावर. शंभरावर आले की यंत्र बंद करून ढोलकी पुढे घ्यावी.