स्थौल्यचिकित्सा आणि तिसरा महिना

स्थौल्याच्या रुग्णांची नोंदवही उघडली, तर बहुतेक वैद्यबंधूंना एकच चित्र दिसेल. पहिल्या महिन्यात चार नोंदी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एखादी आणि पुढे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेचे निदान आपण फार सहज करून टाकतो. रुग्ण अवरसत्त्व होता, जिव्हालोलुप होता, त्याच्या ठायी धृती नव्हती. अनेक वर्षे आम्हीही हेच म्हणत आलो. आज आम्हांस वाटते की यांतील निम्म्याहून अधिक नोंदी आमच्याच चुकीने कोऱ्या राहिल्या.

एक प्रसंग सांगणे भाग आहे. पंचेचाळिशीतील एक गृहिणी आमच्याकडे दोन महिने नियमाने येत होत्या. पहिल्या महिन्यात त्यांचे वजन साडेतीन किलोंनी उतरले, दुसऱ्यात जेमतेम अर्धा किलो. तिसऱ्या महिन्यात दिवाळी झाली आणि काटा किलोभर वर गेला. वजनकाटा तेव्हा आमच्या प्रतीक्षाकक्षात होता. चार माणसांसमक्ष आम्ही हसत म्हणालो, ‘‘फराळ जोरात झालेला दिसतो!’’ सगळे हसले, त्याही हसल्या. पुन्हा आल्या नाहीत. वर्षभराने मंडईत भेटल्या तेव्हा श्वास लागला होता आणि हातात गुडघ्याच्या तेलाची बाटली होती. आम्ही विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाला निंदितांत गणले आहे, हे खरे. परंतु त्याच अध्यायात त्यांनी सांगितलेली संप्राप्ती आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि रुग्णासमोर विसरतो. मेदाने स्रोतसांचा मार्ग अडतो, वायू कोष्ठातच फिरतो, अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून आहार शीघ्र पचतो आणि पुन्हा भूक लागते. म्हणजे अतिक्षुधा हे व्याधीचे लक्षण आहे, रुग्णाच्या स्वभावाचे नव्हे. ज्वराच्या रुग्णाला आपण ‘तापू नका’ असे सांगत नाही. स्थूलाला मात्र ‘खाऊ नका’ एवढेच सांगून मोकळे होतो. त्याच ठिकाणी आचार्यांनी कारणांमध्ये बीजस्वभावही सांगितला आहे, तोही ज्याच्या घरात तीन पिढ्या स्थूल आहेत अशा रुग्णाला सांगावयास हवा. त्याचे अर्धे अपराधीपण तेथेच गळून पडते.

भुकेचा विचार केला की ‘गुरू आणि अपतर्पण’ या सूत्राचे मोल कळते. पोटास आधार देणारे, पण मेद न वाढवणारे अन्न. जव, कुळीथ, मूग, ताक. कुळथाचे पिठले व ज्वारीची भाकरी खाणारा रुग्ण सायंकाळी फरसाणाच्या डब्याकडे वळत नाही. लिंबूपाण्यावर राहिलेला वळतोच. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा व शेंगदाणे खाणाऱ्यांविषयी ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण पुरेशी आहे.

आता त्या तिसऱ्या महिन्याविषयी. पहिल्या पंधरवड्यात उतरलेल्या वजनाचा मोठा भाग जलांशाचा व साठवलेल्या शर्करेचा असतो. पुढे वेग मंदावतो. शिवाय शरीर हलके झाले की त्याचा दैनंदिन खर्चही घटतो. हे आपण रुग्णास आरंभी सांगत नाही, कारण पहिल्या महिन्याचे श्रेय आपल्या गुग्गुळाला घेण्याचा मोह आवरत नाही. मग काटा थांबला की रुग्णाला वाटते, औषध हरले किंवा मी हरलो. हा मंद काळ येणार, तो व्याधीच्या स्वभावातच आहे, असे पहिल्याच भेटीत सांगितलेला रुग्ण टिकतो, असा आमचा अलीकडचा अनुभव आहे. काट्याच्या जोडीने कंबरेचा घेर (भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा), जिन्यावर लागणारा दम, स्वेद, निद्रा यांची नोंद ठेवली, तर काटा थांबलेल्या महिन्यातही दाखवण्यासारखे काही सापडते.

सवयींच्या बाबतीत सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम आम्हांस कोणत्याही आहारतक्त्याहून मोलाचा वाटतो. अहितकर सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावी. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेणाऱ्यास चहा बंद करावयास सांगितले, तर तो आठवडाभर पाळील. अर्धा चमचा कमी करावयास सांगितले, तर घरात कोणाच्या लक्षातही येणार नाही. व्यायामाचेही तेच. आचार्य अर्धशक्ती सांगतात. कपाळ, नाक, काखा यांवर घाम आला, मुखशोष जाणवला की थांबावे. आपले रुग्ण मात्र एक जानेवारीस व्यायामशाळेत पूर्ण शक्ती खर्च करतात आणि दहा तारखेस गुडघा धरून आपल्याकडे येतात.

चिकित्सेच्या चार पादांत उपस्थाता आहे, याचा या व्याधीत तर पूर्ण विसर पडतो. स्वयंपाक करणारी स्त्रीच रुग्ण असेल, तर घरातील सर्वांसाठी पोळ्या लाटून स्वतःपुरती वेगळी भाकरी ती किती दिवस थापील? पतीला व मुलांना एकदा तरी समोर बसवावे. त्या बसण्याने जे साधते, ते चूर्णाने साधत नाही.

औषधी दुकानदार बंधूंना एक स्पष्ट सांगणे आहे. ‘महिन्यात दहा किलो’ अशी पाटी लावणे केवळ अशोभनीय नाही. १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. सन २०२५ मध्ये वजन घटवण्यासाठी टिर्झेपॅटाइड व सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात आली. ती परिणामकारक आहेत, पण थांबवल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढू लागते. घाईच्या स्पर्धेत आपण त्यांच्यापुढे टिकणार नाही आणि टिकण्याचे कारणही नाही. तीन डब्यांवर एक मोफत देण्याऐवजी डब्यासोबत घेर व चालणे नोंदवण्याचा साधा कागद द्यावा आणि दुसऱ्या खरेदीच्या वेळी तो पाहण्यास मागावा. मागणारा कोणी आहे, एवढ्यानेही माणूस चालतो.

आमच्यापुरते सांगावयाचे, तर वजनकाटा आता आतल्या खोलीत, पडद्यामागे आहे. दोन सप्ताह न आलेल्या रुग्णाला आम्ही स्वतः दूरध्वनी करतो आणि वजनाविषयी विचारत नाही. झोप कशी आहे, एवढेच विचारतो. मंडईतल्या त्या बाईंचा क्रमांक जुन्या वहीत आहे. तो अद्याप लावलेला नाही.