भोरडीचा हिशेब

ज्वारीचे कणीस हुरड्यावर आले की मराठवाड्याच्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात आणि शेतकऱ्याच्या हाती गोफण येते. वसमत तालुक्यातही या पाखराची ओळख पिकाचा शत्रू अशीच आहे, व ती सर्वस्वी निराधार नव्हे. पूर्वी शिवारभर जोंधळा उभा असे. पाखरांनी खाल्लेला वाटा अनेकांत विभागला जाई. पुढे पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर हळद व ऊस आला, कोरडवाहू रानात सोयाबीन आले. आता जो एखादा शेतकरी कडब्याच्या गरजेने एक-दोन एकर ज्वारी पेरतो, त्याच्याच शेतावर सारा थवा तुटून पडतो. माळ्यावर बसून राखण करण्यास माणूस मिळत नाही. अशा शेतकऱ्यास ‘पक्षी हे शेतकऱ्याचे मित्र होत’ एवढेच ऐकविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

तथापि कोणाचाही हिशेब एका महिन्यावरून करू नये. भोरडी ही साळुंकीच्या कुळातील. अंग गुलाबी, डोके व पंख काळे. पळसाच्या फुलांतील मधासाठी ती येते, म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. ती येथे पाहुणी आहे. मध्य आशिया व पूर्व युरोपातील गवताळ प्रदेशांत ती वीण करते, पावसाळा सरता सरता आपल्याकडे येते आणि एप्रिलपर्यंत परतते. विणीच्या प्रदेशात तिचे व पिलांचे मुख्य अन्न टोळ आणि नाकतोडे हे होय. म्हणूनच चीनच्या शिनज्यांग प्रांतात 1980 नंतरच्या काळात तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचण्यात आली. याच देशाने 1958 मध्ये धान्य खाते म्हणून चिमणी मारण्याची देशव्यापी मोहीम काढली होती. चिमण्या गेल्या, किडी माजल्या, आणि 1960 मध्ये उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले.

इतके दूर जावयाचे नसेल तर वसमतच्याच हरभऱ्याच्या शेतात सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी उभे राहावे. घाटे अळी घाट्यास छिद्र पाडून डोके आत खुपसते, निम्मे अंग बाहेर ठेवते आणि दाणा खाते. मोठी झालेली अळी औषधास सहज दाद देत नाही. पाखरास मात्र तीच लठ्ठ अळी हवी असते. कोतवाल, साळुंकी, गायबगळा यांबरोबर भोरडीही ती वेचते. ज्वारीत जी चोर, तीच हरभऱ्यात राखणदार. चोरीचा बोभाटा होतो, राखणीची नोंद कोणी ठेवीत नाही.

ही नोंद बाहेरचा कोणी येऊन ठेवणार नाही. वसमत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अली यांनी 1931-32 मध्ये केली. तशा पाहणीतून कोणता पक्षी कोठे आढळतो ते कळते. अमक्याच्या शेतात आज त्याने दाणा उचलला की अळी, हे गावातील माणसानेच पाहिले पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्ता ओळीतील अळ्या मोजतोच. त्याने त्याच पानावर पाखरेही मोजावीत. दर मीटर ओळीत 1 ते 2 अळ्या आढळल्यावाचून फवारणी करू नये, हा सल्ला जुना आहे. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढावयाचा, ही चाल मात्र त्याहून जुनी दिसते. तीत पैसा जातो आणि पाखरांच्या वाट्यास विष येते.

पाखरू शेतात यावयाचे तर त्यास बसण्यास जागा हवी. धुऱ्यावरील बाभळी व लिंब तोडले गेल्याने ती उरली नाही. झाड वाढण्यास वर्षे लागतात. तोवर टी आकाराचे लाकडी पक्षी थांबे, एकरी 20 च्या सुमारास, पिकाहून हातभर उंच रोवावेत. पेरणीच्या वेळी हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळल्यास तिची ताटेही हेच काम करतात. खर्च जवळजवळ नाहीच.

महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांचा तो काळ. शाळांतून भाषणे होतात, ती व्हावीतच. परंतु याच सुमारास पेरलेला हरभरा वर येत असतो. त्या आठवड्यात गावोगावी थांबे तयार करून ठेवावेत व फुलोऱ्यापूर्वी रोवावेत. शेजारी हुरड्यावर आलेली ज्वारी असेल, तर त्या बाजूच्या धुऱ्यालगत मात्र थांबा रोवू नये.