माशी शिंकली, पण जबाबदार कोण?

रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाची कथा नोव्हेंबर २०१९ मधल्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. तो महिना खरोखर उजाडला तेव्हा ठिकठिकाणी हिशेब मांडले गेले: उडत्या मोटारी कुठे आहेत, माणसापासून वेगळे ओळखू न येणारे कृत्रिम मजूर कुठे आहेत? त्याच महिन्यात, त्याच शहराच्या परिसरात टेस्लाने आपला कोनाकोनांचा सायबरट्रक लोकांपुढे आणला आणि तो ‘ब्लेड रनर’मधून उतरल्यासारखा दिसतो याचंच कौतुक झालं. कंपन्यांच्या मुठीतल्या शहराची धास्ती दाखवणारा चित्रपट एका कंपनीच्या मालाला झळाळी देऊन मोकळा झाला. भविष्यातल्या काळोख्या जगाचे हे चित्रपट आपण पंचांगासारखे वाचतो, तिथेच घोटाळा होतो. कोणतं यंत्र कधी येणार हे त्यांना फारसं कळलेलं नाही. यंत्राच्या चुकीची किंमत कोण मोजेल आणि कोण नामानिराळा राहील, हे मात्र त्यांतल्या काहींना नेमकं कळलं होतं. या कसोटीवर निऑनच्या झगमगाटातला ‘ब्लेड रनर’ मागे पडतो आणि टेरी गिलियमचा ‘ब्राझील’ (१९८५) पुढे येतो.

‘ब्राझील’मध्ये महासंगणकाचं बंड नाही, की मानवजात संपवायला निघालेला यंत्रमानव नाही. सरकारी कचेरीतल्या छपाईयंत्रात एक माशी पडते आणि वॉरंटवर ‘टटल’ऐवजी ‘बटल’ हे नाव उमटतं. पोलिस भलत्याच घरात घुसतात, बटलला पोत्यात बांधून नेतात आणि त्याच्या बायकोकडून रीतसर पावतीवर सही घेतात. चौकशीत तो दगावतो, कारण समोरची फाइल टटलची असते आणि बटलच्या हृदयविकाराची नोंद तीत असण्याचं कारणच नसतं. खात्याला पुढे काळजी पडते ती या माणसाची नव्हे, तर चौकशीचा खर्च त्याच्या नावावर चुकीने पडला याची. म्हणून परताव्याचा धनादेश घेऊन एक कारकून विधवेच्या दारी जातो. या साखळीत खलनायक शोधू गेलं तर सापडत नाही. जो तो आपापल्या टेबलावरचं काम चोख करतो. (गंमत अशी, की युनिव्हर्सल स्टुडिओने या चित्रपटाला गोड शेवट जोडण्याचा घाट घातला होता आणि चित्रपट प्रदर्शित कधी करणार, हे विचारायला गिलियमला ‘व्हरायटी’त पानभर जाहिरात द्यावी लागली.)

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर ब्रिटनच्या टपालखात्याचं प्रकरण पाहावं. १९९९ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसांमध्ये फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली गेली. गावोगावची छोटी टपालकेंद्रं चालवणाऱ्यांच्या हिशेबात न झालेली तूट दिसू लागली. टपालखात्याने ती त्यांच्याकडून वसूल केली, अनेकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले भरले. तक्रारदार, तपास करणारा आणि फिर्यादी पक्ष, तिन्ही भूमिका बहुतेक खटल्यांत त्या खात्याच्याच. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. मदत मागणाऱ्या कित्येकांना सांगितलं जाई, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. न्यायालयात आणखी एक अडचण होती. संगणक नीट चालत होता हे आधी सिद्ध करण्याची अट इंग्लंडच्या कायद्यातून १९९९ साली काढली गेली होती. आता तो नीटच चालतो असं गृहीत धरलं जाई. त्या गृहीतकाविरुद्ध पुरावा आणायचा कुणी? ज्याला प्रणालीच्या आत डोकावताही येत नव्हतं, त्याने. बाहेरून कुणी केंद्रचालकांच्या हिशेबांत बदल करूच शकत नाही, असं टपालखातं वर्षानुवर्षं सांगत राहिलं आणि तेही खोटं निघालं. पॉल व्हरहोव्हेनच्या ‘रोबोकॉप’मधल्या (१९८७) यांत्रिक पोलिसाच्या डोक्यात कंपनीने एक गुप्त नियम घातलेला असतो: आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना तो हात लावू शकत नाही. यंत्राच्या पोटात काय लिहिलंय हे फक्त मालकाला ठाऊक असलं की न्याय कुठे अडतो, ते त्या एका कल्पनेत आहे.

ब्रिटन एकटं नाही. ऑस्ट्रेलियात संगणकाने वर्षाच्या मिळकतीची पंधरवड्यांत सरासरी काढून गरिबांना भत्त्याच्या वसुलीच्या नोटिसा धाडल्या आणि त्या खोट्या ठरवण्याचं ओझं त्यांच्यावरच टाकलं. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या बाबतीत हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा शिक्का बसला आणि २०२१ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे रेशन दुकानातल्या यंत्रावर कष्टाने झिजलेला अंगठा उमटत नाही, तेव्हा दुकानदार ‘मशीन घेत नाही’ एवढंच म्हणतो आणि सरकारपुढे रीतसर मांडता येईल असं त्याच्याकडेही बहुधा काही नसतं.

यावर आक्षेप येणार, की हे चित्रपट लोकांना तंत्रज्ञानाचा धसका घ्यायला लावतात. थेट खात्यात येणाऱ्या पैशाने मधले हात कमी झाले, कागदी कारभारात लाचखोरी काय कमी होती? हे खरं आहे आणि कुणी कागदाकडे परत जा म्हणत नाही. ‘ब्राझील’मधलं सगळं तर कागदाचंच राज्य आहे. प्रश्न संगणकाचा नसून अपिलाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: शंभर चित्रपटांतला एक खरा ठरला की त्याला द्रष्टा म्हणायचं, बाकीचे विसरायचे, यात कसली बुद्धी? पण ‘ब्राझील’ने पुढचं काही ओळखलं असा दावाच नाही. कचेऱ्या आणि कंपन्या कशा वागतात हे गिलियमने त्याच्या काळात पाहिलं आणि भिंग मोठं केलं. ती वागणूक जुनीच आहे. तिला आता वेग मिळालाय.

या चित्रपटप्रकाराचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो चाहते क्वचित मान्य करतात: नायक. ‘मेट्रिक्स’पासून (१९९९) ‘मायनॉरिटी रिपोर्ट’पर्यंत (२००२) एक निवडक माणूस धावतो, यंत्रणा उघडी पाडतो आणि प्रेक्षक सुटकेचा नि:श्वास टाकतात. ब्रिटनच्या टपाल प्रकरणात तसं झालं नाही. ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने २००९ मध्ये ते छापलं. माजी केंद्रचालक ॲलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले. तरीही बहुतेकांच्या माथ्यावरचा गुन्हा तसाच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्ही वाहिनीने त्यावर चार भागांची मालिका दाखवली. तीत निऑन नाही, उडत्या मोटारी नाहीत; टपालाचे काउंटर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेले हिशेबाचे कागद आणि गावच्या सभागृहात जमलेले मध्यमवयीन लोक आहेत. मालिका संपल्यावर आठवडाभरात पंतप्रधान सुनक यांनी या शिक्षा रद्द करणारा कायदा जाहीर केला आणि मे महिन्यात तो संमतही झाला.